विमानाचं टोपडं

सुप्याच्या अलीकडे पुण्याचा रस्ता सोडून आत वळलं की तेव्हा माळावर एक लांबट पत्र्याची शेड दिसायची. आसपासची माणसं तिला 'इमानाची शेड' म्हणत. बाहत्तरचा दुष्काळ सरता सरत नव्हता. विहिरींचे तळ उघडे पडले होते, गुरं छावणीत गेली होती, आणि त्या शेडमध्ये एक माणूस स्वतःच्या हातानं एका माणसापुरतं विमान बांधत होता. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, आणि पुढे कुठल्याशा बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या भंगारातून आणून नव्यासारखं केलेलं चार सिलिंडरचं इंजिन. त्या इंजिनावर पत्र्याचं आवरण चढवायचं काम माझ्याकडे होतं. त्याला काउलिंग म्हणतात. गावानं त्याचं नाव टोपडं ठेवलं होतं.

तो माणूस हवाई दलातून निवृत्त झालेला इंजिन फिटर होता. नगर जिल्ह्यात फौजेतून आलेला कुणीही मेजरच असतो, तसे तेही मेजर होते. मी त्यांना मेजरच म्हणायचो. त्यांच्या पत्नी गावातल्या शाळेत शिकवत. त्यांना सगळे बाई म्हणत, मीही बाईच म्हणायचो. घर ख्रिस्ती होतं. संध्याकाळी जेवायला बसलं की बाई डोळे मिटून प्रार्थना करत. आधी पावसासाठी, मग शाळेतल्या मुलांसाठी, मग आजारी माणसांची नावं घेऊन, आणि शेवटी भंडाऱ्याला असलेल्या माझ्या आईसाठी. माझ्या आईला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मी प्रार्थनेत डोळे मिटायचो नाही. मिटले तर रडू येईल अशी भीती वाटायची.

मी भंडाऱ्याकडचा. पितळी भांडी घडवणाऱ्या घरातला. सहावीत शाळा सुटली, कारण घरच्या ऐरणीला माझी गरज होती आणि शाळेला नव्हती. पुढे भांड्यांचं काम बसलं तसा एका ओळखीच्या माणसाबरोबर नगरला आलो आणि एसटीच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात पत्रा ठोकायला लागलो. तिथं मला विषमज्वर झाला. मालकानं मला मागच्या बाजूला पोत्यांवर झोपवलं आणि विसरून गेला. मेजर त्या दिवशी पत्रा विकत घ्यायला आले होते. पत्रा निवडता निवडता त्यांनी मला पाहिलं. मालकाला म्हणाले, "हा कोण?"

"कारागीर आहे. हात चांगला आहे. पण आता काय उपयोग?"

पत्र्याच्या गुंडाळीबरोबर त्यांनी मलाही ट्रकच्या केबिनमध्ये घातलं. त्यापुढचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो ट्रकमध्ये माझं डोकं धरलेला मेजरचा हात, कपाळावरचा ओला फडका, आणि पातळ भाताचा वास. दुष्काळात, जिथं पिण्याचं पाणी टँकरनं येत होतं, तिथं माझ्या कपाळासाठी पाणी ठेवलेलं असायचं. मी उठून बसायला लागलो तेव्हा माझं वय तेवीस-चोवीस असेल, पण बाईंनी मला लहान मुलासारखं भिंतीला टेकवून बसवलं होतं.

हे सगळं सांगितलं, कारण त्याशिवाय पुढची माझी घालमेल कळायची नाही. मी त्या घराचं देणं लागत होतो, आणि दोघांचंही सारखंच.

काउलिंगचे चार भाग होते. पुढचं गोल नाक, दोन्ही बाजूंना उघडता येणारी दोन झाकणं, आणि खालचा खोलगट पत्रा. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा. आमच्याकडे त्याला जर्मन म्हणतात, आणि पितळेवर वाढलेल्या माझ्या हाताला तो आधी फार हलका, खोटा वाटायचा. ठोकला की कडक होतो, आणखी ठोकला की तडकतो. मग त्याला नरम करायचा. मेजरनी शिकवलं, की पत्र्यावर अंगाचा साबण घासायचा आणि ब्लोलॅम्पची ज्योत फिरवायची. साबण काळपट झाला की थांबायचं. क्षणभर जास्त झालं तर पत्रा विरघळून खाली पडतो. घरातला साबण असा जायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "माणसं पारोशी, विमान स्वच्छ."

नाक बसलं, बाजूची झाकणं बसली. खालचा पत्रा मी मन लावून केला. भांडी घडवणाऱ्याला एकच गोष्ट ठाऊक असते, की सांधा असा पाहिजे की त्यातून थेंबही जाता कामा नये. मी तो पत्रा इंजिनाला असा चिकटून घडवला की मधून नख जाणार नाही. मेजरनी बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. त्यांनाही तो आवडला होता. हवाई दलात काउलिंग तयार येई, ते फक्त बसवत आणि काढत. पत्रा आणि इंजिन यांच्यात किती जागा ठेवायची हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नव्हता.

इंजिन सुरू केलं. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं होतं, आणि चालू झालं की ते अख्खं हलतं, एखाद्या हसणाऱ्या माणसाच्या पोटासारखं. माझा पत्रा सायलेन्सरच्या नळीला घासला, किंचाळला, आणि मेजर इंजिन बंद करेपर्यंत त्याला हातभर चीर गेली होती.

बाजूलाच जुनं तळं होतं. ते आटलं होतं आणि त्यातला गाळ काढायचं दुष्काळी काम चालू होतं. त्या कामावरच्या बाया-माणसांनीच मुकादमाला पटवून दुपारच्या सुट्टीत तळ्याच्या तळाचा एक लांब पट्टा विमानासाठी सपाट करून दिला होता. आवाज ऐकून सगळी शेडपाशी जमली.

"मेजर, टोपडं उसवलं का काय?"

"आवो, लेकराला सर्दी व्हईल."

"त्या भंडाऱ्याला इचारा की. काय करून राहिलास बापा?" एक म्हातारी माझी नक्कल करत म्हणाली आणि सगळे हसले. मेजरही हसले. मला हसता आलं नाही.

मेजर माझ्याजवळ आले. "अरे, चूक दोघांची आहे. इंजिनाला हलायला जागा पाहिजे, दोन बोटं तरी. पुन्हा करू. काय घाई आहे?"

घाई होती, आणि ती दोघांनाही माहीत होती. पाऊस पडला की तळं भरणार आणि पट्टा पाण्याखाली जाणार. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जूनपासून मेजरना देवळाली प्रवरेकडच्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली होती. बाईंचीही बदली तिकडच्या शाळेत व्हायची होती. त्याआधी विमान उडालं तर उडालं.

त्या संध्याकाळी ताटात शिरा होता. मला वाटलं, माझ्या पत्र्याला चीर गेली म्हणून बाईंनी समजूत घातली. मी दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर बाई टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. मी हंडे उचलायला गेलो. रांग लांब होती. बाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "ते खालचं झाकण बसलं नाही तर ते उडवणार नाहीत ना?"

"नाही बाई. झाकणाशिवाय कसं उडवतील?"

"मग पाऊस येईपर्यंत नको बसू दे."

मी हातातला हंडा खाली ठेवला.

"मोडायला सांगत नाही मी. खोटं बोलायलाही नाही. फक्त नको बसू दे. पाऊस आला की पट्टा जाईल, मग ते कारखान्यात जातील. विमान शेडमध्ये राहू दे. मी सुट्टीत येऊन पुसत जाईन."

"बाई, पण त्यांचं इतक्या वर्षांचं..."

"मला माहीत आहे किती वर्षांचं आहे ते. लग्नाच्या आधीपासूनचं आहे." त्यांनी हंडा पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "आम्ही हवाई दलाच्या लाइनीत राहत होतो तेव्हा शेजारणीकडे मी भाजी निवडत बसले होते. विमानावर गेलेल्या तिच्या मिस्टरांचे दोन साहेब आले. आत येताना त्यांनी टोप्या काढल्या. तिला वाटलं, उन्हामुळं काढल्या. ती पाणी आणायला उठली. मला कळलं होतं, तिला कळलं नव्हतं. ती पाणी घेऊन येईपर्यंत मी तिथं बसून होते."

रांग पुढे सरकली. आमची पाळी आली, पाणी भरून झालं. दोन हंडे उचलले आणि घराकडे निघालो. वाटेत एका हंड्यातलं पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं, आणि एक बाई ओरडली, "आरं, पानी हाय त्ये, नीट ने की!"

त्यानंतर माझं काम बिघडायला लागलं.

मुद्दाम केलं का, हे मी आजवर स्वतःला विचारतो आणि आजवर मला नीट उत्तर देता येत नाही. लाकडी मोगरी उचलली की कानात बाईंचा आवाज यायचा. मोगरी खाली येईपर्यंत मेजरचा ट्रकमधला हात आठवायचा, माझं डोकं काचेवर आपटू नये म्हणून त्यांनी धरलेला. साबण काळा झाला तरी ज्योत तिथंच राहायची. एक पत्रा विरघळला. दुसऱ्याची कड मी उलट्या बाजूला दुमडली. पितळी तपेल्याच्या कडा झोपेतही दुमडणारा मी. गाळ काढणारी माणसं येता-जाता शेडमध्ये डोकवायची. "लई दमानं शिवतोय ह्यो. लेकरू मोठं व्हईल आन् टोपडं बसायचं न्हाई!"

बाई काही बोलत नव्हत्या. संध्याकाळी प्रार्थनेत त्या पावसासाठी नेहमीपेक्षा जास्त वेळ मागत. सगळा जिल्हाच पाऊस मागत होता, त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मीच फक्त भाकरीकडे बघत बसायचो.

मेजर रागावले असते तर बरं झालं असतं. तिसरा पत्रा वाया गेला त्या दिवशी त्यांनी मला शेडच्या सावलीत बसवलं. बिडी पेटवली. म्हणाले, "घरची आठवण येतेय का?"

मी वाया गेलेल्या पत्र्याची कड बोटानं दाबत बसलो.

"हात असा होतो माणसाचा. मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा मला साधा स्पॅनर धरता यायचा नाही. जा तू, आईला भेटून ये. मी एसटीत बसवून देतो."

मला जायचं नव्हतं असं नाही, आईचं तोंड पाहून किती काळ लोटला होता. आणि गेलो असतो तर सगळंच आपोआप सुटलं असतं. पत्रा मी बसू दिला नाही असं झालं नसतं, आणि तो बसलाही नसता. मी विचारलं, "मी गेलो तर खालचा पत्रा कोण करेल?"

"नाही झाला तर नाही झाला," ते सहज म्हणाले. "खालून उघडंच ठेवून उडवीन. पूर्वी उघड्या इंजिनांची विमानं उडायचीच की. जरा तापेल, जरा धूळ जाईल. तळ्याला एक चक्कर मारून उतरायचंय, मुंबईला थोडंच जायचंय?"

"पण तुम्ही तर म्हणाला होता, हवा आतून नीट खेळली नाही तर इंजिन बंद पडतं."

"पडतं कधीकधी." त्यांनी बिडी विझवली. "पण ह्या वर्षी उडवलं नाही तर मग नाहीच. कारखान्यात गेलो की संपलं."

मी उठलो तो सरळ शाळेकडे गेलो. बाई वर्ग झाडत होत्या. दुष्काळात शिपाई खडी फोडायला गेला होता. मी दारातूनच सांगितलं, "बाई, ते झाकणाशिवायच उडवणार आहेत."

त्यांनी झाडू थांबवला.

"तसंच म्हणाले?"

"हो. पाऊस यायच्या आधी. बसो की न बसो."

मला वाटलं त्या रागावतील, मेजरवर किंवा माझ्यावर. त्यांनी झाडू कोपऱ्यात ठेवला, पदरानं तोंड पुसलं, आणि बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "जा, काम कर." कुठलं काम, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी गेलो आणि चौथा पत्रा घेतला. जुन्या पुठ्ठ्यावरून आकार कापला, दोन बोटं जागा सोडली. साबण लावला, आणि ज्योत वेळेवर काढली. ह्या खेपेला भीती वेगळी होती. आधी भीती होती की पत्रा बसेल. आता भीती होती की तो उद्या वर जाईल आणि मी केलेल्या एखाद्या कडेमुळं तो माणूस खाली येईल. प्रत्येक रिव्हेट ठोकताना मी मनात म्हणत होतो, हे सुटता कामा नये, हे सुटता कामा नये. आयुष्यात मी पुष्कळ भांडी घडवली. गळलं तर फार तर वरण सांडतं. पहिल्यांदाच असं काहीतरी घडवत होतो ज्याच्या गळण्यावर माणूस होता.

पत्रा बसला. इंजिन चालवून पाहिलं, ते हललं, पण कुठं घासलं नाही. सगळे स्क्रू लागले, एक सोडून. मागच्या कोपऱ्यात, तेलाच्या टाकीच्या पाठीमागे एका जागी नट पलीकडून हातानं धरावा लागत होता. मेजरचा पंजा आत जाईना. माझा मनगटापर्यंत गेला आणि अडकला. वाकडा पाना करून पाहिला, नट दोनदा आत पडला, आणि दोनदा सगळं उघडून तो काढावा लागला.

"तो एक राहू दे," मी म्हणालो. "बाकीचे धरतील."

"हवाई दलात असं म्हटलं असतंस तर तुला शेडबाहेर काढला असता." मेजरनी कपाळ पुसलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं! जरा इकडे ये. तुझा हात लहान आहे."

मेजरना काहीच माहीत नव्हतं. हे माहीत असणारा मी एकटाच तिथं उभा होतो. माझ्याच हातात नट होता.

बाई आल्या. हातातल्या बांगड्या काढून त्यांनी माझ्याकडे दिल्या. मी नट त्यांच्या बोटांत ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार नाही, आणि बाजूच्या झाकणातून हात आत घातला. कोपर आत गेलं. गाल इंजिनाला टेकला. मेजर पलीकडे स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकले होते, त्यांना त्या दिसत नव्हत्या.

"सापडलं भोक?"

"थांबा."

"घाबरू नकोस, पडला तर पडला. पुन्हा काढू."

बाईंचे डोळे मिटलेले होते. मी बांगड्या मुठीत दाबून उभा होतो. तो नट सुटून आत पडला असता तर मला त्यात काहीच नवल वाटलं नसतं. पुन्हा पडला असता, पुन्हा उघडलं असतं, असे दिवस गेले असते, ढग आले असते. त्यांच्या बोटांवर होतं सगळं.

"फिरवा," त्या म्हणाल्या.

मेजर फिरवायला लागले. "धरलंय ना?"

"धरलंय. फिरवा तुम्ही."

"लागला. सोड आता."

"अजून एक फेरा," बाई म्हणाल्या. "ढिला वाटतोय मला."

हात बाहेर आला तेव्हा पत्र्याच्या कडेनं मनगटावर ओरखडा काढला होता. ती कड मी कानशीनं घासली नव्हती. मी पुढे झालो तर त्या म्हणाल्या, "ते राहू दे. बाकीचे सगळे एकदा दाखव मला." आणि मग शाळेत वह्या तपासतात तशा एकेका स्क्रूवर बोट टेकवत त्या विमानाच्या नाकाभोवती फिरल्या. मेजर हसत होते. "आता ह्यांचीही तपासणी पास करावी लागणार!" बाई हसल्या नाहीत. दोन ठिकाणी त्यांनी मला पुन्हा आवळायला लावलं. दोन्ही घट्टच होते, तरी मी आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा सुटायच्या आत उडवायचं ठरलं होतं. बाई नेहमीच्या वेळी शाळेला निघाल्या. दारात मला म्हणाल्या, "मला सांगायला येशील ना?"

"येईन बाई. उडालं की लगेच येतो."

"उडाल्यावर नको येऊस. उतरल्यावर ये."

तळ्यात घमेली खाली ठेवून माणसं बांधावर चढली होती. मेजर आत बसले. मी पंखा फिरवला, बाजूला झालो. विमान पट्ट्यावरून धुरळा उडवत गेलं. मी ते बघतच नव्हतो, मी फक्त त्याच्या नाकाखालचा पत्रा बघत होतो. मग चाकं सुटली. "गेलं! गेलं रं!" कुणीतरी ओरडलं आणि एक म्हातारी मटकन खाली बसली. विमान बांधावरून, बाभळींवरून, शेडवरून एक चक्कर घेऊन आलं. इंजिनाचा आवाज एकदा जरा वेगळा वाटला आणि मी त्याच्या दिशेनं दोन पावलं पळालो. तो वाऱ्यानं वेगळा वाटला होता. विमान खाली आलं, दोनदा उसळलं, आणि थांबलं.

मी मेजरकडे गेलोच नाही. शाळेकडे पळालो.

वर्गात मुलं पाढे म्हणत होती. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मी दारात आलो, पण पळून पळून माझ्या तोंडातून शब्द फुटेना. बाई वळल्या. माझं तोंड धुळीनं आणि घामानं कसं दिसत असेल देव जाणे. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. मुलं गप्प झाली.

"उतरले," मी कसाबसा म्हणालो. "बाई, उतरले. मजेत आहेत. उतरून राहिले... म्हणजे उतरलेच."

एक मुलगा फिसकन हसला. बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मग दाराशी आल्या आणि हळू आवाजात, मुलांना ऐकू जाणार नाही अशा, मला विचारलं, "काही लागलं-बिगलं?"

"नाही. पत्रा जागच्या जागी आहे. हसत होते."

"हसत होते?"

"हो."

त्यांनी बांधाकडे पाहिलं. तिथून अजून ओरडण्याचे आवाज येत होते. "म्हणजे उद्या परत," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली. बाई वर्गात वळून म्हणाल्या, "हं, बाराचा पाढा. पहिल्यापासून." आणि मला, मागं न बघता, "संध्याकाळी ती कड घासून ठेव. आणि तो मागचा नट मी परत बघणार आहे."